वाळवंटातल्या रिसॉर्टला जायचंय? आधी तिथी बघा, मग खोली

जैसलमेरला चांगल्या रिसॉर्टमध्ये राहायचं ठरलं की बहुतेक मंडळी आधी फोटो बघतात, मग दर विचारतात आणि सगळ्यात शेवटी तारीख ठरवतात. सांगलीत विश्रामबागला बसून मी लोकांच्या सहली आखून देते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हा क्रम उलटा करायला लावते. आधी तारीख. ती एकदा पक्की झाली की कुठली खोली घ्यायची याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं. वाळवंटात ऑक्टोबरला सुखाची वाटणारी खोली जानेवारीत रात्रभर कुडकुडायला लावते, आणि भाडं मात्र थंडीतच जास्त असतं.

जत-आटपाडीकडच्या माणसांना वाटतं, ऊन आपल्याला काय नवीन? खरं आहे. पण ऐन हंगामात थरच्या वाळवंटात पाहुण्याला गाठते ती रात्र. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, जमिनीवर झाडोरा नाही. त्यामुळे दिवसभर साठलेली ऊब सूर्य मावळला की भराभर निघून जाते. वाळू तव्यासारखी आहे, लवकर तापते आणि लवकर निवते. दुपारी जिथं अनवाणी पाय ठेववत नाही, त्याच टेकडीवर रात्री दहाला बसलात तर खालून गारठा अंगात चढतो. दिवस आणि रात्र यांत पंधरा-सोळा अंशांचा फरक हा तिथला रोजचा हिशोब आहे.

कुठला महिना

ऑक्टोबरात जैसलमेरला दुपारी ३५-३६ अंश आणि रात्री २० च्या आसपास असतं. दुपार खोलीत किंवा पोहण्याच्या तलावावर काढायची आणि सकाळ-संध्याकाळ बाहेर पडायचं, एवढी तयारी असेल तर हा महिना चांगला. दर अजून चढलेले नसतात आणि तलावाचं पाणी पोहण्याजोगं असतं. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा: पाडव्यापासून पुढचा आठवडाभर गुजरातचे पाहुणे मोठ्या संख्येनं तिकडे येतात. शक्य असेल तर तो आठवडा सोडून द्या.

मला सगळ्यात आवडतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा महिना. दुपारी २६ ते ३०, रात्री १० ते १४. दिवसभर हिंडता येतं आणि रात्री एका स्वेटरवर शेकोटीपाशी बसता येतं. हातात निवड असेल त्या प्रत्येकाला मी याच तारखा सुचवते.

२२ डिसेंबर ते २ जानेवारी या दिवसांत जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. दर वर्षातले सगळ्यात चढे, किमान दोन-तीन रात्रींची अट, एकतीस तारखेच्या जेवणाचे सक्तीचे वेगळे पैसे, आणि टेकड्यांवर जीपगाड्यांची रांग. शांततेसाठी एवढ्या लांब जायचं आणि नेमकं त्याच आठवड्यात जायचं, याला अर्थ नाही.

जानेवारीत दुपार २३-२४ अंशांची, अगदी सुखाची. रात्री ७-८, आणि थंडीची लाट आली की त्याहून बरंच खाली. संक्रांतीनंतर गर्दी ओसरते, दरही उतरतात. लहान बाळ किंवा सत्तरीपुढचं कुणी बरोबर असेल तर मात्र या महिन्यात तंबू घेऊ नका, पक्की खोली घ्या. फेब्रुवारीत थंडी सौम्य होते. माघ पौर्णिमेच्या सुमाराला जैसलमेरचा मरु महोत्सव असतो; उंटांच्या शर्यती आणि लोकसंगीत बघायचं असेल तर त्याच तारखा धरा, निवांतपणा हवा असेल तर त्या टाळा.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्ष बागायतदारांची अडचण वेगळी. वाळवंटाचा हंगाम आणि बागेचा हंगाम एकच. ऑक्टोबर छाटणी झाली की फुलोरा, डाऊनी रोगाची धास्ती, एकामागून एक फवारण्या; पुढं जानेवारी ते मार्च माल उतरायचा. बाग टाकून कोण जाणार? ज्यांनी आगाप छाटणी घेतली आणि ज्यांचा माल डिसेंबर-जानेवारीत निघून गेला, त्यांना फेब्रुवारी मोकळा मिळतो. बाकीच्यांना व्यापाऱ्याचा हिशोब झाल्यावर मार्चचा पहिला पंधरवडा. दुपारी ऊन ३२-३३ पर्यंत जातं, पण रात्री १६-१७ ची हवा फार छान असते आणि दर उतरलेले असतात. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी परतही येता. बेदाण्याच्या शेडवर अडकलेल्यांना हेही जमत नाही, त्यांनी पुढच्या नोव्हेंबरात घरातल्या एकाला बागेवर ठेवून आळीपाळीनं जावं.

मार्चचा पहिला पंधरवडा उलटला की जाऊ नका. वारा वाढतो, धूळ उडायला लागते, एप्रिलपासून टेकड्यांवरचे बरेच कॅम्प तंबू उतरवून ठेवतात. मे-जूनमध्ये दर निम्म्यावर आलेले दिसतील, पण त्यांना भुलू नका. जोधपूर-जैसलमेरच्या वाटेवरच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती, देशातली सर्वाधिक. पावसाळ्यात पाऊस जेमतेम असतो, पण हवा दमट आणि उकाड्याची.

आता तिथी

महिना ठरला की भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. वाळवंटातल्या रात्रीचं सगळं रूप चंद्रावर अवलंबून असतं, आणि हॉटेलवाले त्याबद्दल आपणहून काही बोलत नाहीत.

पौर्णिमेला टेकड्यांच्या कडा चांदण्यात स्पष्ट दिसतात, बॅटरीशिवाय वाट दिसते. पश्चिमेला सूर्य बुडतो त्याच सुमाराला पूर्वेला चंद्र वर येतो, म्हणून त्या दिवशी सूर्यास्ताला अशा टेकडीवर जा, जिथून दोन्ही बाजू मोकळ्या दिसतील. तारे मात्र पौर्णिमेला फिके पडतात. अमावास्येला उलट. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, त्यामुळे दिवाळीच्या दिवसांत तिथं आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. आपल्याकडून बघायची सवय असलेल्यांना एक फरक लगेच जाणवेल: ध्रुव तारा सांगलीतून दिसतो त्यापेक्षा दहा अंश वर असतो, आणि दक्षिणेचा अगस्ती तारा तेवढाच खाली, क्षितिजाजवळ टेकलेला.

पण माझी स्वतःची निवड संकष्टीची रात्र. हे मी मनापासून सांगते. हिवाळ्यात सूर्य मावळून पूर्ण काळोख पडायला सव्वासात होतात, आणि संकष्टीचा चंद्र साधारण साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान उगवतो. मधल्या दीड-दोन तासांत मृग, रोहिणी, कृत्तिका सगळं काळ्या आभाळात बघून घ्यायचं; मग पूर्वेकडची टेकडी हळूहळू उजळायला लागते आणि तांबूस चंद्र वाळूवर येतो. एका रात्रीच्या भाड्यात दोन्ही रात्री मिळतात. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात छापलेलीच असते, जैसलमेरला ती थोडी मिनिटं पुढंमागं होईल. उपास असेल तर बुकिंग करतानाच स्वयंपाकघराला कळवा. चौथीचा उपास चंद्र बघून सोडायचा, हे तिकडच्या बायकांनाही ठाऊक आहे; समजावून सांगावं लागत नाही.

खोली: नाव विचारू नका, दिशा विचारा

‘रॉयल’, ‘हेरिटेज’, ‘महाराजा’ ही नावं प्रत्येक रिसॉर्ट आपल्या मनानं देतं. त्यावरून काहीही कळत नाही. तीन गोष्टी विचारा: दार कुठल्या दिशेला उघडतं, भिंत कशाची आहे आणि गाण्याबजावण्याचं स्टेज किती लांब आहे.

दिशेचं कारण सोपं आहे. जैसलमेर आपल्यापेक्षा उत्तरेलाही आहे आणि पश्चिमेलाही. जानेवारीत तिथं सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो, दुपारीही तो दक्षिणेकडे कललेलाच असतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उत्तरेला तोंड असलेल्या खोलीच्या ओसरीवर दिवसभर ऊन येत नाही. त्या दिवसांत पूर्वेची किंवा आग्नेयेची खोली मागा. रात्रभर गारठलेल्या माणसाला सकाळी चहाचा कप घेऊन उन्हात बसायला मिळणं, हे वाळवंटातलं खरं ऐश्वर्य आहे. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये हेच उलटं करा: उत्तरेची, तळमजल्यावरची, चौकाकडे उघडणारी खोली घ्या. वरच्या मजल्यावर छत तापतं आणि ती धग मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही. पश्चिमेची खोली सूर्यास्तासाठी म्हणून जास्त दरानं देतात. ती फक्त थंडीत घ्या.

भिंतीचं म्हणाल तर जैसलमेरचा पिवळा वालुकाश्म जाड आणि जड असतो. दुपारची ऊब धरून ठेवतो आणि रात्री सोडतो. शहराबाहेर सम गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर या दगडात बांधलेली मोठी रिसॉर्ट आहेत. घरात कुणी म्हातारं असेल, दम्याचा त्रास असेल, तर मी तिथंच खोली घ्यायला लावते, आणि टेकड्यांवर फक्त संध्याकाळपुरतं जायला सांगते. ११५६ साली वसलेल्या किल्ल्याच्या आतही राहता येतं, पण तिथं मी पाहुणे पाठवत नाही. किल्ल्यात आजही वस्ती आहे, आणि वाढत्या वापराचं पाणी खाली मुरून पायाचा दगड खचतो. २०१३ पासून हा किल्ला जागतिक वारशात आहे. तो बघायचा, तिथल्या गल्ल्यांतून फिरायचं आणि झोपायला खाली यायचं.

तंबू हवाच असेल, आणि निदान एक रात्र तो हवाच असं मलाही वाटतं, तर तो नीट पारखून घ्या. चांगल्या स्विस टेंटला कापडाचे दोन थर असतात: बाहेर जाड कॅनव्हास, आत छापील सुती अस्तर, मध्ये हवेची पोकळी. ऊब टिकते ती त्या पोकळीमुळं. आत गेल्यावर अस्तरावर तळहात ठेवून हलकेच दाबा. बोटं लगेच बाहेरच्या कॅनव्हासला भिडली तर पोकळी नावालाच आहे, थंडी सरळ आत येणार. मग दाराची चेन दोनदा लावून-उघडून बघा. वाळूचे कण दातऱ्यांत बसले की चेन शेवटच्या वीतभर अंतरावर अडते, आणि त्या फटीतून पहाटेचा वारा नेमका पायांवर येतो. मागचं बाथरूम बहुतेक ठिकाणी पक्क्या भिंतींचं असतं, पण भिंत जिथं संपते आणि कापड जिथं सुरू होतं तिथली जागा बघा. ती उघडी असेल तर जानेवारीत गरम पाणी असूनही आंघोळ नको वाटेल.

हीटर मिळेल का, एवढंच विचारून थांबू नका. रात्रभर वीज असते का, जनरेटर किती वाजता बंद करतात आणि हीटर त्यावर चालतो का, हेही विचारा. ऑइल हीटर असेल तर उत्तम. आणि काहीही झालं तरी कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नका. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. कॅम्पमधल्या पोरानं प्रेमानं आणून दिली तरी बाहेरच ठेवायला सांगा. दोन रजया जास्त मागून घ्या.

साप-विंचवाचं प्रत्येक जण विचारतो. कडक थंडीत ते फारसे बाहेर पडत नाहीत. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये मात्र रात्री बॅटरीशिवाय चालू नका आणि सकाळी बूट झटकूनच घाला.

खासगी तलावाच्या कॉटेजला बराच जास्त दर पडतो. ऑक्टोबर किंवा मार्चमध्ये तो वसूल होतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी तापवत असतील तरच घ्या. ‘तापवता का’ या प्रश्नाला ‘हो’ आलं तर ‘किती अंशांपर्यंत’ हे लेखी मागा.

आता आवाज. जैसलमेरपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या समला कॅम्प एकमेकांना लागून आहेत. संध्याकाळी मांगणियार समाजाचे लोकगायक ‘कमायचा’ हे तंतुवाद्य आणि ‘खडताल’ या लाकडी टाळ्या घेऊन बसतात, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं कालबेलिया नृत्य होतं. हे अवश्य बघावं, पुढं बसून, भोंग्यापासून दूर. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी डीजे लागतो आणि तंबूच्या कापडाला आवाज अडत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला अशाच एका कॅम्पवर स्टेजच्या मागचा तंबू मिळाला होता, शेजारी जनरेटर. भाडं सगळ्यांत महागड्या तंबूचं आणि झोप मात्र पहाटे दोननंतर. म्हणून तंबूचा नंबर बुकिंगच्या वेळीच ठरवून लेखी घ्या. खुरी गावाकडची बाजू त्या मानानं शांत आहे. टेकड्या लहान आहेत, पण ज्याला निवांतपणा हवा त्याला मी तिकडे पाठवते.

घरबसल्या पारख करायला मोबाइलवरच्या नकाशात कॅम्पचं ठिकाण उघडा आणि उपग्रहाचं चित्र लावा. तंबूंच्या ओळी, स्टेजचा गोल, रस्ता आणि वाळू कुठं सुरू होते, सगळं वरून दिसतं. ‘टेकड्यांना लागून’ लिहिलेले काही कॅम्प प्रत्यक्षात सपाट माळावर असतात आणि वाळूपर्यंत जीपनं जावं लागतं. आसपास पवनचक्क्या किती आहेत तेही बघा. ढालगावच्या किंवा वनकुसवड्याच्या पठारावर ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना त्यांचे लाल दिवे माहीत आहेत. जैसलमेरभोवती त्या शेकड्यांनी आहेत, आणि अंधाऱ्या आभाळासाठी गेलात तर ते दिवे डोळ्यांत येतात. शेवटी व्हॉट्सॲपवर खोलीचा ताजा व्हिडिओ मागवा: दारात उभं राहून चारी बाजूंना फिरवलेला, आणि नंतर बाथरूमचा. जे लगेच पाठवतात त्यांच्याकडे सहसा लपवण्यासारखं काही नसतं.

वडीलधारी माणसं बरोबर असतील तर

माझ्या आत्याच्या गुडघ्यांमुळं मला हे बारकावे कळले. तंबू जोत्यावर असतो, दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात, कठडा नसतो. बाथरूमला आणखी एक उंबरा. जेवणाची जागा लांब आणि वाट वाळूची. वाळूत गुडघा दुखणाऱ्याचे पाय फार भरून येतात. जेवणाच्या जागेपासून जवळचा, पण स्टेजपासून लांबचा तंबू मागा; दोन्ही साधेल असा एखादा असतोच, विचारावं लागतं. फरशीची वाट आहे का, तेही विचारा. हृदयविकाराचं औषध चालू असेल तर शहराजवळ राहा, कारण समवरून मोठा दवाखाना गाठायला ४० किलोमीटर मागं यावं लागतं.

जायचं कसं, पैसे किती

मिरज, सांगली, सातारा यांवरून बंगळूर-जोधपूर एक्सप्रेस जाते, गाडी बदलावी लागत नाही. रोज नसते, वार बघून तारीख जुळवा. जोधपूरहून जैसलमेर रस्त्यानं पावणेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. गाडीतून उतरून त्याच दिवशी थेट टेकड्या गाठायचा अट्टहास करू नका. सूर्यास्त हुकतो आणि अंधारात तंबू पारखता येत नाही. जोधपूरला एक रात्र काढा. आपल्या विटा-खानापूरकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी देशभर पसरलेली आहेत, वाटेत एखादा भाऊबंद निघतोच. दुसऱ्या दिवशी वाटेत फलोदीजवळच्या खिचनला थांबा. थंडीत तिथं करकोचे हजारांनी उतरतात, तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. पुढं दोन रात्री दगडी खोलीत आणि त्यांच्या मध्ये एक रात्र तंबूत, अशी बांधणी मला सगळ्यात बरी वाटते.

पैशांचं थोडक्यात: खोलीचा दर रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेला की १८ टक्के जीएसटी लागतो, तो सांगितलेल्या दरात धरलाय का ते विचारा. जेवण, जीप आणि उंट यांचंही तसंच.

पोचल्यावर दुपारी चारच्या आत खोलीत शिरा. अस्तर, चेन, गरम पाणी, हीटर, एवढं दहा मिनिटांत बघून होतं. काही खटकलं तर बॅगा न उघडता तसेच परत ऑफिसात जा आणि दुसरा तंबू मागा. दिवसाउजेडी रिकामे तंबू असतात, आणि सामान लावून झालेल्या पाहुण्याला कुणी सहसा बदलून देत नाही.